म्हस येली, रेडी झाली

पाटी-पेन्सिल: वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

जून उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मे महिन्यात लोक विचारतात, सुट्टीत मुलांना कुठल्या शिबिराला घालू. जुलैत विचारतात, मूल लिहीत का नाही. यंदा अशी एकोणीस पत्रं आली. सगळी जागेत बसणार नाहीत, म्हणून सात निवडली. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली एकवीस पहिली-दुसरीला. बढतीकडे डोळे असलेली माणसं पहिलीचा वर्ग मागत नाहीत, मी मागून घेत असे. मी तज्ज्ञ नाही, बाई आहे. उत्तरं त्या हिशेबानेच वाचा.

प्रश्न: माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत जाते. रोज दोन पानं होमवर्क असतो: एक पान कॅपिटल अक्षरं आणि एक पान एक ते पन्नास. ती पेन्सिल मुठीत धरते, तीन ओळी झाल्या की हात दुखतो म्हणून रडते. शेवटी तिचा हात धरून मीच पान पूर्ण करते. सोसायटीतल्या तिच्या बरोबरीच्या मुली भराभर लिहितात. ही आळशी आहे का?
— एक आई, पिंपरी

हात दुखतो म्हणते ना, मग तो दुखतोच आहे. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती कूर्चेची, म्हणजे मऊच असतात. एकेक करून ती हाडाची होत जातात, सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेक होतात, शेवटचं तर त्याहूनही उशिरा. मुलाचं वय ठरवायला डॉक्टर मनगटाचा एक्स-रे काढतात तो याचसाठी. सव्वाचार वर्षांच्या मनगटाकडून दोन पानं भरून मागणं म्हणजे कालच घातलेल्या स्लॅबवर पाण्याची टाकी चढवणं. शेजारच्या मुली लिहितात, कारण सगळ्यांचे हात एकाच मुहूर्तावर तयार होत नाहीत. दातही सगळ्यांचे एकाच महिन्यात पडत नाहीत, त्याची कुणी तुलना करतं का?

लिहिण्याचा व्यायाम वहीबाहेर असतो. तुम्ही पोळ्या लाटायला बसलात की तिला लिंबाएवढा कणकेचा गोळा द्या, त्याचे साप, लाडू, करंज्या काय हवं ते करू दे. लसूण सोलायला द्या, शेंगा फोडायला द्या. वाळत घातलेल्या रुमालांना चिमटे लावायचं काम तिचं. रांगोळीची चिमूट तर सोन्यासारखी, पेन्सिल धरायला जी तीन बोटं लागतात तीच रांगोळी सोडायला लागतात. बाल्कनीच्या भिंतीवर जुन्या ब्रशने नुसत्या पाण्याच्या रेघा मारू दे. दोन मिनिटांत भिंत वाळते आणि परत कोरी.

मुठीत पेन्सिल धरण्यावर माझ्याकडे एक उपाय आहे आणि तो मला कंजूषपणातून सापडला. शाळेच्या सादिल, म्हणजे किरकोळ खर्चाच्या पैशांत खडूंचे डबे मोजकेच यायचे, म्हणून मी मुलांना अख्खा खडू कधी दिलाच नाही, मोडून बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यायची. एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. दिवाळीपर्यंत निम्म्या वर्गाची पकड काही न सांगता सुधारलेली असायची. तुम्ही पाटी आणा आणि खडूचे तुकडे करून द्या. पेन्सिलच हवी असेल तर घरात पडलेलं, झिजलेलं थोटूक द्या. नवी लांब पेन्सिल तिच्या हातात आत्ता नको.

होमवर्कचं म्हणाल तर हात धरून लिहून घेणं आजपासून बंद. तसं भरलेलं पान तुमच्या हस्ताक्षराचं असतं आणि ते शाळेतल्या बाईंना कळतं. मला तरी कळायचं. तिने जेवढं लिहिलं तेवढ्यावर थांबा आणि डायरीत नोंद करा: 'आज तीन ओळी तिने स्वतः लिहिल्या. हात दुखला म्हणून थांबवलं.' खाली सही. भांडायला जाऊ नका, नुसती रोज नोंद पाठवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात भर आहे तो खेळावर. हे शाळेलाही माहीत असतं. पण पानं भरलेली दिसली नाहीत तर पालकच फी कशाची घेता म्हणून विचारतात, ही शाळेची अडचण मी ऐकलेली आहे. तुमच्यासारख्या चार आयांच्या नोंदी गेल्या तर त्या बाईंनाही जरा श्वास घेता येईल.

प्रश्न: बाई, मी दोनशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी-चौथी मिळून बावीस मुलं माझ्याकडे. फळ्यावरचं मोत्यासारखं उतरवतात, पण स्वतःच्या मनाने दोन ओळी लिहा म्हटलं की पेन्सिल चावत बसतात. निबंध पाठ करून लिहितात, सगळ्यांचा सारखा. त्यात दिवाळीनंतर सात-आठ मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात ती मार्चनंतर उगवतात, तोवर आहे तेही विसरलेली. काय करू?
— एक शिक्षक, हिंगोली जिल्हा

सर, तुम्हाला उपाय सांगण्याआधी माझं एक पाप सांगते.

१९९१ साल असेल. पाटण तालुक्यात डोंगरातली शाळा, तुमच्यासारखीच दोनशिक्षकी. एका प्रशिक्षणातून मी ताजी ताजी आले होते, म्हणून सोमवारी वर्गाला म्हटलं, काल घरी काय झालं ते लिहा. तिसरीत एक मुलगा होता, त्याला आपण म्हादू म्हणू. एरवी तोंडातून शब्द न काढणारा. त्याने लिहिलं:

'रातच्याला म्हस येली. रेडी झाली. आय झोपली न्हाय. म्या कंदील धरला.'

आज हे वाचताना मला तो गोठा दिसतो. काय झालं, काय निपजलं, कोण जागलं, आणि सगळ्यात शेवटी आठ वर्षांचा पोरगा स्वतः कुठे उभा होता. उगाच आलेला एक शब्द नाही. पण त्या दिवशी मला दिसल्या त्या सहा चुका. लाल पेनाने सहा गोल केले: रात्री, म्हैस, व्याली, आई, नाही, मी. खाली शेरा मारला, 'शुद्धलेखन सुधारणे', आणि प्रत्येक शब्द पाच वेळा लिहायला लावला. त्याने गुमान तीस शब्द लिहिले. दोन दिवसांनी घरून खरवसाचा डबा घेऊन आला, सगळ्या वर्गाला वाटला. मीही खाल्ला. रेडीचं नाव काय ठेवलं, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात विषय होता 'माझा आवडता प्राणी'. म्हादूने लिहिलं: 'गाय हा पाळीव प्राणी आहे. गाईला चार पाय, दोन डोळे व एक शेपूट असते. गाय आपल्याला दूध देते.' चूक एकही नाही. मी 'छान' लिहून सही ठोकली. त्यांच्या दावणीला गाय नव्हतीच.

हे आपण काय केलं, हे कळायला मला पुढे चार-पाच वर्षं लागली. तुमच्या मुलांना लिहिता येतं, त्यांची उतरवलेली पानंच सांगतात. घरचे शब्द वहीत चालतात की नाही, ही त्यांची अडचण आहे. आणि गाईवर लिहिलं की गुरुजी खूश, हे कुठल्याही पोराला एका आठवड्यात उमगतं.

मग मी फळ्याचा डावा कोपरा आखून घेतला आणि वर लिहिलं, 'आजची बातमी'. परिपाठ झाला की रोज एका मुलाने बातमी सांगायची, आणि ती त्याच्याच शब्दांत मी लिहायची, खाली त्याचं नाव. आमच्या विहिरीत घोरपड पडली. मामा मुंबईला गेला, पिशवी इसरला. बातमी सांगणाऱ्याने ती वाचून दाखवायची. आपण बोललेलं फळ्यावर उभं राहतं आणि सगळा वर्ग ते वाचतो, हे बघताना मुलांच्या डोळ्यांत जे काही येतं ते तुम्हीच बघा, मी वर्णन करत नाही. महिन्याभराने खडू त्यांच्या हातात दिला.

'न्हाय' लिहायचं की 'नाही'? यावर केंद्र संमेलनात, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, माझ्याशी पुष्कळ वाद घातले गेले. मुलाने सांगितलं तसंच मी लिहायची. दुपारच्या तासाला तीच बातमी 'पुस्तकी' करायचा खेळ असे: म्हस येली, पुस्तकात कसं लिहितील? म्हैस व्याली. मुलांना यात काही अवघड वाटत नाही. शेळीशी, आजीशी आणि साहेबाशी वेगवेगळं बोलावं लागतं, हे ती शाळेत यायच्या आधीच शिकलेली असतात. तारीख घालून दोन्ही वाक्यं वहीत शेजारी शेजारी. वर्षअखेरीला ती वही चाळायला मुलं मारामारी करत.

दुसरं म्हणजे 'छान' लिहिणं मी सोडलं. 'छान' लिहिलं की बोलणं संपलं. त्याऐवजी वहीत एक प्रश्न लिहायचा, खराखुरा, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा. 'घोरपड कुणी बाहेर काढली?' दुसऱ्या दिवशी खाली चार ओळी आलेल्या असत. बावीस मुलं आहेत तर रोज पाचच वह्या घ्या, आठवड्यात सगळ्यांना पाळी येते. मुलाला लिहिताना समोर वाचणारं माणूस हवं असतं. तपासायला साहेब आहेतच की.

हे माझं शोधून काढलेलं आहे असं समजू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर मुलांच्या अवतीभवती जे आहे, दगड, बिया, शिंपले, त्यातूनच शिकवायला सुरुवात केली होती. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं, तिथेही मुलांच्या अनुभवाला मान होता. मी फक्त उशिरा जागी झाले.

आता ऊसतोडीची मुलं. मी तुमच्या दुसऱ्या टोकाला होते. कराडच्या बाजूला बदली झाली तेव्हा दिवाळीनंतर कोपीवरची, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवरची मुलं माझ्या वर्गात येऊन बसत, बीडची, परभणीची, तुमच्याकडचीही. पहाटे आईबरोबर फडात जाऊन आलेली, दप्तर नसलेली. मी त्यांना पोस्टकार्डं आणून दिली. आपापल्या शाळेला लिहा म्हटलं. एका मुलीने पंधरा मिनिटं विचार करून लिहिलं: 'सर माजं नाव पटावरून काढू नका. मी येनार हाय.' मी ते तसंच पेटीत टाकलं. उत्तर आलं की नाही ठाऊक नाही, त्याआधीच टोळी पुढच्या गावाला हलली.

तर तुम्ही असं करा. मुलं निघायच्या आधी प्रत्येकाच्या हातात शाळेचा पत्ता घातलेली पाच पोस्टकार्डं द्या. अजूनही पन्नास पैशांना मिळतं. मुकादमाचा फोन नंबर आणि कारखान्याचं नाव घेऊन ठेवा, म्हणजे मागे राहिलेल्या मुलांनाही उलट लिहिता येईल. किती गाड्या भरल्या, कोपीत साप निघाला का, एवढं जरी आलं तरी मार्चमध्ये मूल कोरं परत येणार नाही. आलेलं प्रत्येक कार्ड भिंतीवर लावा.

प्रश्न: मुलगी दुसरीत आहे. स्वतःहून रोज डायरी लिहिते, पण 'आज मि आईस्क्रिम खाल्ल' असं. ओळीला दोन चुका. बायकोचं म्हणणं, आत्ताच सुधारल्या नाहीत तर सवय पडेल. मी म्हणतो, लिहू दे. आमच्यात रोज वाद होतो.
— एक वडील, नागपूर

डायरीपुरतं तुमचं बरोबर. डायरीला कुणीच लाल पेन लावू नये, तिच्या आईनेही नाही. पण आईची काळजी फुकाची नाही, ती चौथीत गेल्यावर लागू पडेल.

मी घरात दोन प्रकारचं लिहिणं वेगळं ठेवायला सांगते. एक स्वतःसाठीचं: डायरी, चित्राखालची ओळ, फ्रिजवरची 'बाबा चॉकलेट आणा' ही चिठ्ठी. ते जसं येईल तसं. दुसरं लोकांसमोर जाणारं: आजीच्या वाढदिवसाचं कार्ड, दारावर लावायची पाटी. ते आधी कच्चं लिहायचं, मग दोघांनी बसून दुरुस्त करायचं, मग पक्कं. आपणही महत्त्वाचा अर्ज एका दमात लिहीत नाही. सगळं एकदम नीट करायला घेतलं की मूल सोपे शब्द शोधायला लागतं. ज्याला 'विमानतळ' लिहायचं असतं तो 'गाडी' लिहून मोकळा होतो.

आणि 'मि' सुधारायची एक युक्ती. गोल करू नका, तिच्या डायरीत उत्तर लिहा: 'मी पण खाल्लं असतं, पण मी ऑफिसात होतो. मी रविवारी आणतो.' तीनदा 'मी' डोळ्यांखालून गेला. दहा-बारा दिवसांत तो आपोआप दीर्घ होईल. नाही झाला तर अजून दहा दिवस.

ऱ्हस्व-दीर्घाचे नियम आपल्याकडे मोजकेच आहेत. शुद्धलेखनाचे १९६२ साली चौदा झाले, १९७२ साली त्यात चार वाढले, झाले अठरा. त्यातला एक तिसरी-चौथीच्या मुलांना खेळासारखा शिकवता येतो: फूल म्हणा, लांबवून. आता फुले म्हणा. 'फू' आखडला ना? तसंच मूल-मुले, वीट-विटा, सूत-सुताचा, गरीब-गरिबाला. पुढे अक्षर आलं, मागचं आखडलं. मुलं घरभर शब्द शोधत फिरतात. 'गुण', 'विष' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, ते नंतर कधीतरी. आठवड्याला एकच गोष्ट धरायची. (लग्नपत्रिकांवर दरवर्षी छापून येणारा 'आशिर्वाद' दीर्घ 'शी'चा आहे, हे मोठ्यांनीही एखाद्या आठवड्यात धरायला हरकत नाही.)

प्रश्न: नात साडेपाच वर्षांची. ३ चा ६ करते, 'ग' आरशातल्यासारखा उलटा काढते. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू का?
— एक आजी, कुडाळ

चष्म्याची शंका दुसऱ्या कशावरून आली असेल तर जरूर दाखवा, यावरून नको. तिच्या आजवरच्या आयुष्यात चमचा कुठल्याही बाजूने धरला तरी चमचाच होता. उलटं केल्यावर नाव बदलतं अशी पहिली वस्तू म्हणजे अक्षर, आणि आपल्या ३ आणि ६ ने तर एकमेकांची तोंडं फिरवूनच संसार मांडलाय. अंगणात पसाभर रांगोळीने मोठा ३ काढा आणि त्यावरून तिला चालायला लावा. ३ चं तोंड डावीकडे उघडं, ६ चं उजवीकडे, एवढंच सांगा. सातव्या वर्षापर्यंत वाट बघा.

प्रश्न: नातू डावखुरा आहे. पहिलीत गेला. घरात सगळे म्हणतात, आत्ताच हात बदला, नंतर जमणार नाही. तुमचं मत?
— एक आजोबा, कोल्हापूर जिल्हा

बदलू नका. आरतीचं ताट, प्रसाद उजव्या हाताने घ्यायला सांगा हवं तर, तो घेईल. पेन्सिल डाव्याच हातात राहू दे. शाळेत त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याचं आणि त्याचं कोपर दिवसभर भांडत राहतं. वही थोडी तिरकी ठेवायची, वरची बाजू उजवीकडे झुकलेली. पेन्सिल टोकापासून दीड इंचावर धरायची, म्हणजे लिहिलेलं त्याला दिसतं आणि हाताने पुसलं जात नाही. शिरोरेघ तो उजवीकडून डावीकडे ओढत असेल तर ओढू द्या. माझ्या वर्गात एका डावखुऱ्या मुलीला मीच एक आख्खं वर्ष छळलं होतं त्या रेघेवरून, आणि रेघ शेवटी दोन्हीकडून सारखीच दिसते.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. बोलण्यात कुणाला ऐकत नाही, गोष्टी तर अशा सांगतो की मोठी माणसं थांबून ऐकतात. पण लिहायला अर्धं पान दोन तास. अक्षरं गाळतो, काना-मात्रा पुढच्या अक्षराला देतो, फळ्यावरचं कधीच पूर्ण होत नाही. शाळा म्हणते, लक्ष नाही, आळशी आहे.
— एक आई, ठाणे

वर कुडाळच्या आजींना मी थांबा म्हटलं, तुम्हाला थांबू नका म्हणते. साडेपाच आणि नऊ यात फरक आहे. बोलणं इतकं चांगलं आणि लिहिणं इतकं मागे, ही तफावत हेच तपासून घेण्याचं कारण आहे.

आधी डोळे आणि कान तपासा. मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार मुलालाही वाचण्या-लिहिण्यात येणाऱ्या अडचणीची (लर्निंग डिसॅबिलिटी), तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये तिचा समावेश आहे, आणि तिचं रीतसर निदान साधारण आठव्या वर्षापासून, तिसरीच्या सुमाराला करतात, म्हणजे तुम्ही वेळेत आहात. मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात यासाठीचं क्लिनिक आहे. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून आजच चौकशी करा. निदान झालं तर पुढे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. काही निघालं नाही तरी बिघडलं काय?

तोवर घरी एक करा. तो गोष्ट सांगेल, तुम्ही लिहा. त्याच्या शब्दांत, न सुधारता. मग त्यातलं एक वाक्य, त्याला आवडेल ते, त्याने खाली स्वतः लिहायचं. हात मागे आहे म्हणून डोकं अडकून बसायला नको. अर्ध्या पानाऐवजी एक वाक्य लिहून चालेल का, हे वर्गशिक्षकांना शांतपणे विचारा, आणि 'आळशी' हा शब्द त्याच्यासमोर पुन्हा कुणी काढणार नाही एवढं बघा. माझ्या वर्गातून अशी निदान सात-आठ मुलं गेली असतील. तेव्हा आम्हाला हे काही माहीत नव्हतं, आम्ही त्यांना ओणवं उभं केलं.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत आहोत. मुलगी सात वर्षांची, मराठी छान बोलते, पण लिहायचं तर इंग्रजी अक्षरांत लिहिते. रविवारच्या मराठी शाळेत दोन वर्षं झाली, क ते ज्ञ अजून पाठ होत नाही. घरी काय करू?
— एक आई

क ते ज्ञ बाजूला ठेवा. 'ङ' आणि 'ञ' ओलांडेपर्यंत तिची हौस संपते, आणि ङ ची गाठ तुम्हालाही आयुष्यात किती वेळा पडली आहे? फलटणला मॅक्सीन बर्नसन बाईंनी अक्षरं ओळीने न शिकवता छोट्या छोट्या गटांनी शिकवली, की पहिल्या दिवसापासून मुलाला शब्द वाचता यावेत. तुम्ही म, क, ब आणि काना एवढंच घ्या. झाले मामा, काका, बाबा, काम, बाक. पुढच्या आठवड्यात आ, ज आणि दीर्घ वेलांटी घेतलीत की आजी, मामी, काकी, काकीमा सगळ्या घरात आल्या. तुमची मुलगी इंग्रजी लिहिते म्हणजे रेघेचा आवाज होतो हे तिला कळलेलं आहे. उलट आपल्याकडे 'क' चा उच्चार 'क'च, हे कळल्यावर तिला सुटल्यासारखं वाटेल.

स्वयंपाकघरातल्या डब्यांना नावं तिने लावायची: मीठ, साखर, पोहे. 'पोहे' चं 'पोहै' झालं तरी डबा तोच उघडायचा.

आणि भारतातल्या आजीला पत्र. एक ओळ, एक चित्र. पण आजींना आधीच सांगून ठेवा की फोनवर 'मिळालं गं' म्हटलेलं चालणार नाही, उत्तर कागदावरच हवं, मोठ्या सुट्या अक्षरांत, आणि त्यात तिला एक प्रश्न विचारलेला हवा. पाकिटावरचा पत्ता तेवढा इंग्रजीत लिहायला लावा, नाहीतर ते पत्र तिकडेच फिरत बसेल.